रहस्यकथा घाऊकच वाचावी

बाबूराव अर्नाळकरांचं नाव निघालं की पाठोपाठ आकडा निघतोच. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या हजाराहून जास्त रहस्यकथा पुस्तकरूपानं आल्या, अशी नोंद गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली होती. गुरुनाथ नाईक २०२१ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नावावरही हजाराच्या वर पुस्तकं होती. हे आकडे आपल्याकडे दोनच सुरांत सांगितले जातात. एक सूर अचंब्याचा, की माणूस होता की छापखाना! दुसरा नाक मुरडण्याचा, की एवढं लिहिणारा बरं काय लिहिणार? दोन्ही सुरांत सगळं लक्ष लेखकाकडे असतं. अर्नाळकरांच्या आकड्याला त्या ४८ वर्षांनी भागून पाहा, महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं पडतात. इतकी पुस्तकं इतकी वर्षं छापली गेली, म्हणजे ती संपवून पुढच्याची वाट पाहणारा वाचकही तितकी वर्षं टिकून होता. एकट्या अर्नाळकरांवर भूक न भागणारा आणि महिन्याला आठ-दहा पुस्तकांचा फडशा पाडणारा वाचक गावोगावच्या वाचनालयांना चांगला ठाऊक आहे. त्याच्या बाजूनं पाहिलं, तर रहस्यकथेबद्दल आपण देऊन बसलेले बरेच निकाल फेरतपासणीला काढावे लागतील.

माझं म्हणणं असं, की रहस्यकथेचा हिशेब पुस्तकावारी करण्यात चूक आहे, तो महिनेवारी करावा. एखादी सामाजिक कादंबरी वाचून महिना महिना दुसरं काही हातात घेतलं नाही तरी चालतं. सुटी रहस्यकथा मात्र वाचकाला फसवते. पहिली वाचताना माणूस कथानकामागे नुसता धावत असतो. खून झाला, चार जणांवर संशय आला, पाचवाच निघाला, संपलं. दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही आणि 'वेळ बरा गेला' यापलीकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. त्याच लेखकाचं चौथं पुस्तक हातात येईपर्यंत वाचक बदललेला असतो. हा लेखक नोकराकडे बोट दाखवायला लागला की नोकर निर्दोष असतो, पहिल्या वीस पानांत विनाकारण आलेली वस्तू शेवटी कामाला येते, जो फार मदत करतो त्याच्यावर नजर ठेवावी, हे त्याला कळू लागलेलं असतं. सहाव्या पुस्तकाशी तो लेखकाशी डाव खेळू लागतो. लेखकालाही हे माहीत असतं, म्हणून तो सातव्यात नोकरालाच खुनी करतो. हा डाव एका पुस्तकात मावत नाही, आणि माझ्या मते या प्रकाराची खरी कारागिरी तिथेच आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात अशा वाचनाच्या महिन्याला मुहूर्तही शोधावा लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, २५ तारखेच्या सुमाराला नवतपा लागतो, आणि भर दुपारी वर्ध्यात काय नि आर्वी-हिंगणघाटात काय, रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कूलरपुढे सहा तास बसून राहण्याची सक्ती असलेल्या माणसाला दुसरा कुठला साहित्यप्रकार इतकी साथ देईल, सांगता येत नाही.

डाव खेळायचा म्हणजे नियम हवेत, आणि ते लेखकांनी स्वतःच बांधून घेतले. रोनाल्ड नॉक्स हा इंग्लंडमधला कॅथलिक धर्मगुरू रहस्यकथाही लिहायचा. त्यानं १९२९ मध्ये दहा आज्ञा काढल्या. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच दिसला पाहिजे, भुताखेतांना मज्जाव, गुप्त दार किंवा भुयार एकाहून जास्त नको, आणि आधी कल्पना दिल्याशिवाय जुळा भाऊ आणायचा नाही. (शेवटची आज्ञा आपल्या हिंदी सिनेमाला लागू केली असती तर काय अनर्थ झाला असता!) या आज्ञांच्या मुळाशी एकच अट आहे: गुप्तहेराला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. कॉनन डॉयलची 'सिल्व्हर ब्लेझ' ही १८९२ ची कथा यासाठी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. शर्यतीचा घोडा रात्रीतून तबेल्यातून नाहीसा होतो, त्याला शिकवणाऱ्याचं प्रेत माळावर सापडतं. तबेल्यात कुत्रा होता, हे लेखकानं आपल्याला सांगितलेलं असतं. वर माळ्यावर पोरं झोपली होती, त्यांना जाग आली नाही, हेही सांगितलेलं असतं. म्हणजे कुत्रा भुंकला नाही. आपण दोन्ही वाक्यं वाचतो आणि पुढे जातो. होम्स तिथेच थांबतो: घोडा नेणारा परका असता तर कुत्र्यानं तबेला डोक्यावर घेतला असता, तेव्हा तो ओळखीचाच असणार. जे घडलं नाही तोच पुरावा! ही युक्ती एकदा पाहिलेला वाचक पुढच्या प्रत्येक पुस्तकात काय काय झालं याबरोबर काय व्हायला हवं होतं आणि झालं नाही, याचीही मनात टाचणं काढू लागतो. एक कथा वाचून आपण होम्सला दाद देतो. त्याची रीत अंगात मुरायला दहा-बारा कथा लागतात.

थ्रिलरची जात वेगळी, पण तिलाही हेच लागू पडतं. तिथे 'कोण' हा प्रश्न बहुधा नसतोच. फ्रेडरिक फोर्साइथच्या १९७१ च्या 'द डे ऑफ द जॅकल'मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना ठार मारायची सुपारी घेतलेला एक मारेकरी आहे. द गॉल १९७० मध्ये आपल्या राहत्या घरी नैसर्गिक मृत्यूनं गेले, हे पुस्तक आलं तेव्हा जगाला ठाऊक होतं. म्हणजे कट फसणार, हे मुखपृष्ठ उघडण्याआधीच फुटलेलं. तरी खोटा पासपोर्ट कसा मिळवतात, बंदूक सुटी करून कशी लपवतात, पोलीस नुसत्या कागदपत्रांवरून माणसाच्या मागावर कसे जातात, हे वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. आपल्या श्रोत्यांना हे नवं नाही. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे देवळात बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरीही तारामतीवर तलवार उगारली जाते तेव्हा कीर्तनाला आलेली मंडळी श्वास रोखतात. जपानी लेखक केगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून कुणी केला हे सुरुवातीच्या प्रकरणातच समोर घडतं आणि तरीही शेवटी वाचक तोंडघशी पडतो, कारण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत बसलेला असतो. 'दृश्यम' ज्यांनी पाहिला त्यांना ही चव ओळखीची वाटेल. 'कोण' विचारणारी, 'कसं' विचारणारी आणि 'आता सुटणार कसा' विचारणारी पुस्तकं महिनाभरात पाठोपाठ वाचली, की तिन्हींचे ताल वेगळे ऐकू येतात. सुट्या पुस्तकात ते येत नाहीत.

मराठीत हा प्रकार आला तो रेनॉल्ड्सच्या बोटाला धरून. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लांबलचक अद्भुत-रहस्यमय कादंबऱ्यांनी आपल्या पूर्वजांना वेड लावलं होतं. खुद्द हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' रेनॉल्ड्सच्या आधारानं सुरू झाली, नाथमाधवांच्या 'वीरधवल'मागे तोच उभा आहे, आणि गोविंद नारायणशास्त्री दातारांनी 'कालिकामूर्ती'सारख्या कादंबऱ्यांतून त्याला अस्सल देशी कपडे चढवले. पुढे अर्नाळकर आले. त्यांचे धनंजय आणि छोटू हे होम्स-वॉटसनच्या वळणाचे, तर झुंजार आणि काळापहाड कायद्याला वळसा घालून दुष्टांना धडा शिकवणारे. भालबा केळकरांनी मूळ होम्स मराठीत आणला. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास अशी फौज उभी केली आणि भाषेला कॉलेजच्या कट्ट्यावरची चटपटीत धार दिली. मधुकर तोरडमल आणि रेखा देशपांडे यांनी अगाथा ख्रिस्ती मराठीत आणली. नारायण धारपांची वाट भयकथेची, म्हणजे नॉक्सच्या आज्ञेबाहेरची, पण वाचनालयात ते याच फळीवर असतात. त्यांच्या एका कथेनं पुढे 'तुंबाड' सिनेमाला बीज पुरवलं, आणि दिग्दर्शकानं ती कथा मित्राच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली ती आपल्याच विदर्भात, नागझिऱ्याच्या जंगलात. वर्ध्यासारख्या जंक्शनच्या गावात हिंदीचाही ओघ कायम राहिला. स्टेशनवरच्या स्टॉलवर सुरेंद्र मोहन पाठक आणि वेदप्रकाश शर्मा घ्यायचे, आणि गाडी येईपर्यंत अर्धं संपवायचं.

या सगळ्यांत महिनाभर बुडी मारली तर मराठी रहस्यकथेच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडचं सत्य हाती लागतं. विरुद्ध बाजू आधी मांडतो. महिन्याला दोनच्या वेगानं लिहिलेल्या पुस्तकांत पुरावे पेरायला लेखकाला उसंत मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे ज्यांना रहस्यकथा म्हटलं गेलं त्यांतल्या पुष्कळ म्हणजे खरं तर साहसकथा आहेत. नायक वेषांतर करतो, तळघरात शिरतो, दोन ठोसे लगावतो आणि शेवटच्या पानावर वाचकाला कधीच न दाखवलेली माहिती बाहेर काढतो. नॉक्सच्या कसोटीवर ही लबाडीच. पण वेग, संवाद, प्रकरणाचा शेवट कुठे तोडायचा याचं भान, आणि दुसरी-चौथी शिकलेल्या माणसालाही अडखळू न देणारं वाक्य, यात अर्नाळकर उस्ताद होते. चांगल्या शैलीच्या नावाखाली आपण जी गद्यं गौरवली, त्यांतल्या कितींना हे जमलं? वाचायला नुकत्याच शिकलेल्या माणसाला सलग शंभर पानं पार करायला लावणं हे लहान काम नव्हे, आणि हे काम मराठीत मोठ्या प्रमाणावर ज्यांनी केलं त्यांत रहस्यकथाकार वरच्या नंबरावर बसतात.

आता आक्षेप. पहिला, की हा सगळा उसना माल आहे. आहेच. पण उसनवारीची लाज फक्त रहस्यकथेलाच का? देवलांचं 'संशयकल्लोळ' मोलिएरवरून आलं, आगरकरांचं 'विकारविलसित' शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वरून. त्यांना आपण परंपरेत सन्मानानं बसवलं, कारण त्यांनी परक्या सांगाड्यात इथलं रक्त भरलं. कसोटी हीच असेल तर ती रहस्यकथेलाही लावावी, आणि लावताना एकच पुस्तक उचलून चालणार नाही. अर्नाळकरांचं एखादं पुस्तक कुठल्या इंग्रजी पुस्तकावर बेतलंय हे शोधणं सोपं आहे. त्यांची वीस पुस्तकं ओळीनं पाहिली की दिसतं, की चाळ, गिरणी, पेढीवरचे शेठजी, बंदरावरची चोरटी आयात असं मुंबईचं एक पुरं जग तिथे उभं राहिलंय, आणि ते कुठल्याही इंग्रजी पुस्तकातून आलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, कारण तो थेट माझ्या मुद्द्यावर येतो. एडमंड विल्सन हा अमेरिकेचा नावाजलेला समीक्षक. त्यानं १९४४ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये रहस्यकथांवर कोरडे ओढले. चिडलेल्या वाचकांची पत्रं आली, की साहेब, तुम्ही चुकीची पुस्तकं वाचलीत, ही ही वाचा. त्यानं ती वाचली आणि १९४५ च्या आरंभी दुसरा लेख लिहिला, पहिल्याहून कडक. त्याचं शीर्षक ख्रिस्तीच्या १९२६ मधल्या गाजलेल्या कादंबरीला चिमटा काढणारं होतं: रॉजर अॅक्रॉइडला कुणी मारलं याची कुणाला पडलीय? म्हणजे घाऊक वाचूनही मत बदललं नाही, असं कुणी म्हणेल. पण विल्सननं वाचलं काय ते पाहा. डोरोथी सेयर्सचं एक, नायो मार्शचं एक, मार्जरी अॅलिंगहॅमचं एक, जॉन डिक्सन कारचं एक, चँडलरचं एक. हे नमुने तपासणं झालं. एकाही लेखकाशी तो डाव रंगेपर्यंत खेळला नाही. त्यातही चँडलर आणि कार यांच्याबद्दल त्याला थोडं बरं बोलावंच लागलं. उलट कवी ऑडननं १९४८ मध्ये याच विषयावर लिहिलं ते पट्टीच्या वाचकाच्या खुर्चीतून. रहस्यकथा हे आपलं तंबाखू-दारूसारखं व्यसन आहे अशी कबुली त्यानं आधी दिली, आणि मग शांत गावात खून झाला की सगळे संशयित कसे होतात, अपराधाचं ओझं सगळ्यांच्या डोक्यावरून एकाच्या माथी गेलं की उरलेले कसे मोकळे होतात, हे असं उलगडून दाखवलं की या प्रकारावरचं तितकं चांगलं विवेचन मला दुसरं माहीत नाही. विल्सनपेक्षा ऑडनला जास्त दिसलं, कारण त्यानं ढिगानं वाचलं होतं.

वर्ध्यात राहून याहून वेगळा, नैतिक आक्षेप ऐकायला मिळणं साहजिक आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तिथे खुनाच्या गोष्टींची भलामण कसली करता? दारूचं व्यसन जिथे सत्तरच्या दशकापासून कायद्यानं बंद आहे तिथे ऑडनचं हे व्यसन तरी कशाला? आक्षेप सोडून देण्यासारखा नाही. पण त्याला उत्तर द्यायला गांधीजींच्याच चरित्रात जावं लागतं. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी जीनांशी बोलणी करायला मुंबईला निघाले होते. त्यांना अडवायला एक टोळकं सेवाग्रामच्या आश्रमापाशी येऊन बसलं. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं तेव्हा एकाजवळ सुरा निघाला. ही हकीकत प्यारेलाल यांनी लिहून ठेवली आहे, आणि पुढे गांधीहत्येची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगासमोरही ती आली. त्या वेळी ते प्रकरण किरकोळ म्हणून संपलं. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, त्याच्या बोलण्यातून साथीदारांचा माग लागत होता. मुंबईतही एका प्राध्यापकानं कटाची कल्पना सरकारच्या कानावर घातली. दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, त्याच आवारात गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. आधी मिळालेल्या माहितीचं काय झालं, हे तपासायला १९६६ मध्ये आयोग नेमला गेला आणि १९६९ मध्ये न्यायमूर्ती कपूर यांचा अहवाल आला. तो वाचताना छातीवर दडपण येतं, कारण धागे होते, ते वेगवेगळ्या टेबलांवर सुटे पडून राहिले. रहस्यकथा वाचून कुणी कार्यक्षम पोलीस अधिकारी होतो असा दावा मी करणार नाही. पण सुट्या गोष्टी सुट्या ठेवायच्या नाहीत, किरकोळ वाटणारी बाब टाकून न देता बाजूला जपायची, आणि पुढची आली की तिच्याशेजारी मांडून पाहायची, ही मनाची सवय सात्त्विक नाही असं कोण म्हणेल? ती सवय जडते मालिकेनं वाचून. आणि खून झाला की चांगली रहस्यकथा त्याचा हिशेब मागते, मग मेलेला माणूस कितीही नकोसा असो. अहिंसेच्या जिल्ह्यात या हट्टाला जागा असायला हरकत नाही.

तरीही या आक्षेपाचा एक भाग मान्य करावा लागतो. जॉर्ज ऑर्वेलनं १९४४ मध्ये दोन काळांतल्या गुन्हेगारी कथा शेजारी ठेवून दाखवलं होतं, की जुन्या चोराला निदान काही मर्यादा होत्या, नव्या पुस्तकांत मात्र बळाची पूजा सुरू झाली आहे, ज्याच्या हाती ताकद तो बरोबर. ही रोगट जात आजही भरपूर आहे. चकमकीत गोळ्या घालून निकाल लावणारा अधिकारी हाच नायक, वकील-न्यायालयं म्हणजे वेळकाढूपणा, असं शिकवणाऱ्या थ्रिलरना तोटा नाही. झुंजार-काळापहाडमध्येही कायदा हातात घेण्याची हौस आहेच, फक्त तिला सज्जनपणाचा मुलामा आहे. पण हे ओळखायचं कसं? सुट्या पुस्तकात नायकाचा ठोसा न्याय्यच वाटतो, कारण खलनायक तसाच रंगवलेला असतो. एकाच लेखकाच्या सहाव्या पुस्तकातही पुरावा न तपासता ठोसाच बसतोय, असं दिसलं, की वाचकाला त्याची तबियत कळते. विष आणि औषध निवडायलाही घाऊक वाचनच कामी येतं.

वेब मालिका आल्यावर पुस्तक कशाला, हा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. पडद्यावर कॅमेरा जिथे नेईल तिथेच डोळा जातो, आणि संशयिताचा चेहरा जवळून दाखवला की अर्धं गुपित फुटतं. कागदावर भुंकलेला कुत्रा आणि न भुंकलेला कुत्रा एकाच मापाच्या अक्षरांत छापलेला असतो. कुठे थांबायचं ते वाचकानं ठरवायचं.

मात्र वर्ध्याच्या वाचकाची एक तक्रार रास्त आहे, आणि ती महिनाभर वाचल्यावरच जाणवते. इतक्या पुस्तकांत आपला मुलूख कुठेच नाही. खून गिरगावात होतात, हिरे मलबार हिलवरून चोरीला जातात, फार तर गुप्तहेर पुण्याला येतो. ऑडन म्हणायचा, की कथा इंग्लंडच्या खेड्यात घडत नसेल तर ती वाचणं मला फार जड जातं. जागा ओळखीची असली तरच तिथलं विस्कटणं टोचतं. बंगाल्यांनी हे ओळखलं. शरदिंदूंचा ब्योमकेश १९३२ पासून कलकत्त्याच्या गल्ल्यांत मुरलेला आहे. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात सुरू केलेला फेलूदा लखनौ, जैसलमेर करत आपल्या वेरूळच्या लेण्यांपर्यंत येऊन गेला. बंगाली गुप्तहेराला कैलास लेणं सापडलं आणि मराठी गुप्तहेराला वर्धा नदी ओलांडता आली नाही, हे आपल्याला शोभणारं नाही. मालमसाला काय कमी आहे? दारूबंदीचा जिल्हा, त्याच्या सीमांना लागून दारू वाहणारे जिल्हे, आणि मध्ये रात्रीची वाहतूक. पेरणीच्या तोंडावर येणारं बोगस बियाणं आणि परवानगी नसलेलं चोरबीटी, त्यात पिचणारा कापूसवाला, हिंगणघाटच्या जिनिंगचा हंगामी पैसा. पुलगावचं लष्करी दारूगोळा भांडार, जिथे ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमन दलाची माणसं बळी पडली. बोरचं व्याघ्र अभयारण्य. याच मजकुरावर परदेशी लेखकांनी दहा थ्रिलर उभे केले असते. आपल्याकडे हे सगळं जिल्हा पानावरच्या बातमीत सुरू होतं आणि तिथेच संपतं.

लेखक का आले नाहीत, याचं एक कारण मानसन्मानाच्या वाटणीत आहे. वर्ध्यानं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा पाहिलं. १९६९ मध्ये अध्यक्ष कवी पु. शि. रेगे होते, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भरलेल्या ९६ व्या संमेलनाचे अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर, म्हणजे पुरावे तोलण्यात आयुष्य गेलेला माणूस. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनात जयंत नारळीकरांच्या रूपानं विज्ञानकथेला तो मान मिळाला. रहस्यकथेच्या वाट्याला तो कधी आला नाही. ज्या दालनात मान नाही तिथे ताकदीचा लेखक उमेदीची वर्षं घालत नाही, आणि मग दालन कमअस्सलच राहिलं म्हणून पुन्हा समीक्षक बोटं मोडतात. हे चक्र कुठून तरी तोडायचं तर ते वाचकाच्या बाजूनंच तुटेल, कारण अर्नाळकरांना उभं करणाराही वाचकच होता.

त्यासाठी फार काही करावं लागत नाही. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत मासिक वर्गणी अजून एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी आहे. पुढचा महिना ठरवून घ्या आणि विषयांची सरमिसळ न करता एकेका लेखकाची तीन-चार पुस्तकं ओळीनं मागा. आधी केळकरांचा होम्स, मग ख्रिस्ती, मग शिरवळकर, आणि शेवटी अर्नाळकर. क्रम मुद्दाम असा, म्हणजे अर्नाळकर कुठे कमी पडतात आणि कुठे सगळ्यांच्या पुढे जातात, दोन्ही कळेल. मांडणीवर दिसले नाहीत तर देवघेव विभागात विचारा, दाखल नोंदवहीत पाहायला सांगा. पुष्कळदा ती जुनी पुस्तकं मागच्या खोलीत गठ्ठ्यात असतात. आणि मिळालं की तिथेच उभं राहून चाळून परत ठेवू नका, आपल्या नावावर नोंदवून घरी न्या. स्वस्त कागदावर छापलेली, पानं सुटत चाललेली ही पुस्तकं जुनी झाली आणि वर्षानुवर्षं कुणाच्या नावावर चढली नाहीत, की निर्लेखनाच्या, म्हणजे रद्दीत काढायच्या, यादीत सर्वांत आधी त्यांचाच नंबर लागतो, आणि त्यांतल्या बहुतेकांची दुसरी आवृत्ती बाजारात नाही.